गाडीच्या पार्टवर कार्बन कापड चढवायचंय? बेळगावच्या हवेत पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत हे काम काढू नका. रेझिन (कापड चिकटवणारा, वाळून कडक होणारा द्रव), कापड, हत्यारं यांबद्दल पुढं सगळं सांगतो, पण आपल्या भागात पहिला धडा हवेचा आहे आणि तो मी नुकसान करून शिकलोय.

माझा पहिला साइड पॅनल मी जुलैत केला. बाहेर दिवसभर भुरभुर, खोलीच्या भिंतींना ओल. रात्री इपॉक्सीचा, म्हणजे या कामाला लागणाऱ्या रेझिनचा, थर दिला, तर सकाळी त्यावर मेणासारखा बुळबुळीत, पांढुरका पापुद्रा. नीट वाळलं नसेल म्हणून दिवसभर थांबलो आणि त्यावरच पुढचा थर दिला. पंधरा दिवसांनी तो वरचा थर नखानं सोलून निघाला. झालं होतं असं, की रेझिन कडक करायला त्यात जो हार्डनर मिसळतात, त्यात अमाइन नावाची रसायनं असतात. हवा दमट आणि थंड असली की ते हवेतल्या पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळतात, आणि रेझिनच्या पाठीवर हा मेणचट थर जमतो. त्यावर काहीच धरत नाही. तो पाण्यात विरघळतो. म्हणून थोडा साबण लावलेल्या ओल्या फडक्यानं धुवायचा, स्वच्छ पाण्यानं पुसायचा, वाळवायचा आणि मगच पॉलिश पेपर हातात घ्यायचा. आधी पेपर मारला तर मेण निघत नाही, उलट ओरखड्यांत भरून बसतं.

हवा सगळीकडं सारखी नाही हेही ध्यानात घ्या. जांबोटी, कणकुंबीकडं ऑक्टोबर उजाडला तरी घरातली ओल हटत नाही. निपाणी, चिकोडीला त्या मानानं बरं, आणि अथणीकडं तर पावसाळ्यातही कोरडे दिवस मिळून जातात. बेळगाव शहरात मला सगळ्यात चांगला काळ वाटतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दव उडून गेल्यावर म्हणजे नऊ-दहाला सुरुवात करून. मात्र थंडीत रात्री पारा उतरला की इपॉक्सी मंदावतं. ठोकताळा असा, की १० अंश गारवा वाढला की वाळायला जवळजवळ दुप्पट वेळ. एप्रिल-मेमध्ये याच्या उलट, सगळं भराभर धरतं, हात चालायला वेळच उरत नाही, आणि दुपारनंतर वळवाची भीती. तेव्हा करायचंच असेल तर सकाळी लवकर.

या कामानं काय होतं, काय होत नाही

आपण करतोय ते पार्टवर कापडाचं कातडं चढवणं. पार्ट हलका होत नाही, उलट थोडा जड होतो. मजबूतही होत नाही, कारण एक थर कापड वर चिकटवल्यानं आतलं प्लॅस्टिक बदलत नाही. मिळतं ते रूप आणि बऱ्यापैकी टिकाऊ असा वरचा कवच-थर. एवढ्यासाठी करावं का? माझं उत्तर होय असं आहे. स्वतःच्या हातानं बसवलेल्या विणीवर ऊन पडलेलं बघणं ही मला मनापासून आवडणारी गोष्ट आहे. पण तडा गेलेला पार्ट याखाली झाकू नका. हँडल, फूटरेस्ट, ब्रेकचे भाग, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), चाकं यांवर चढवू नका, कारण तिथं पडलेली चीर वेळेवर दिसायला हवी. हेल्मेटवर तर कधीच नको. थिनर-अ‍ॅसिटोननं त्याचं कवच कमजोर होऊ शकतं. सायलेन्सर आणि त्याच्या गार्डचाही मोह टाळा, कारण खोलीच्या तापमानाला वाळणारं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं.

पहिला पार्ट कुठला? पेट्रोलची टाकी नको. साइड पॅनल किंवा छोटा पुढचा मडगार्ड घ्या, आणि तोही आधी भंगारातून आणलेला. पार्टच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षरांत प्लॅस्टिकची जात छापलेली असते. एबीएस असेल तर इपॉक्सी छान धरतं. पीपी असेल, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तर बाजूला ठेवा. त्यावर रेझिन बसल्यासारखं दिसतं आणि महिन्याभरात पत्र्यासारखं सुटतं. आतले मडगार्ड आणि चिखल अडवणारे काळे भाग पुष्कळदा याच जातीचे असतात.

सामान

कापड: २०० जीएसएमचं, ३के धाग्याचं (एका धाग्यात तीन हजार तंतू), २ बाय २ ट्विल, म्हणजे तिरक्या रेघा दिसणारी वीण. २०० जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला २०० ग्रॅम. हे जाडीला बेताचं असतं आणि वळणावर बसतं. साधी वीण वळणावर अडते, म्हणून नवख्यानं ट्विलच घ्यावं. कार्बनच्या नावाखाली काळी रंगवलेली काच किंवा पॉलिएस्टरचं कापडही विकलं जातं. ओळखायला मल्टिमीटर लावा. खऱ्या कार्बनच्या धाग्यातून वीज जाते, काचेतून किंवा पॉलिएस्टरमधून जात नाही.

रेझिनबाबत गोंधळ होतो तो इथंच. आपल्याकडं फायबरचं काम करणारे कारागीर पुष्कळ आहेत. पाण्याच्या टाक्या, पत्रे, मूर्ती करणारे. ते वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन. त्यात कोबाल्ट (वाळण्याचा वेग वाढवणारं रसायन) आणि हार्डनर थेंबांच्या हिशेबात जातं, आणि लवकर वाळायला हवं असेल तर हार्डनर थोडं वाढवलं जातं. ती सवय इपॉक्सीला लावली की काम कायमचं मऊ राहतं. इपॉक्सीत हार्डनर हा रेझिनचा जोडीदार असतो. जास्त झालं तर जास्तीचं तसंच चिकट उरतं, कमी झालं तर रेझिन उरतं. वेग बदलायचा असेल तर वेगळ्या वेगाचा हार्डनर विकत घ्यायचा, प्रमाण बदलायचं नाही. आणि कुणी पॉलिएस्टरवर सराव करत असाल तर एक लक्षात ठेवा. कोबाल्ट आणि त्याचं हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच दुसरं.

प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, कुठं १०० ला ३०, कुठं १०० ला ५०. ते वजनाचं आहे की मापाचं हे वाचा, दोन्ही आकडे वेगळे असतात. एका साइड पॅनलच्या एका थराला ३०-४० ग्रॅम पुरतं. आता हिशेब करा: ३० ग्रॅम रेझिनला १०० ला ३० या प्रमाणात ९ ग्रॅम हार्डनर. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमनं चुकला तर नवातला एक, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त चूक. म्हणून ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. या कामात हत्यारांवर पैसे घालायचे तर पहिले याच्यावर.

बाकी लागतं ते असं: रेझिनमध्ये मिसळायची काळी पेस्ट, स्वस्त ब्रश, नायट्राइलचे हातमोजे डबाभर, मास्किंग टेप, धारदार कात्री जी नंतर दुसऱ्या कशाला वापरायची नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोल, १२० पासून ८०० पर्यंतचे वॉटर पेपर (आकडा मोठा तितका पेपर बारीक). तोंडाला रसायनांची वाफ अडवणारा मास्क, आणि घासताना धूळ अडवणारा. इपॉक्सीचं हार्डनर कातडीला पुनःपुन्हा लागलं तर अ‍ॅलर्जी जडते आणि ती एकदा जडली की आयुष्यभर राहते. हाताला लागलं तर थिनरनं पुसू नका, त्यानं ते उलट आत मुरतं. साबण आणि पाणी.

पार्ट तयार करणं

आधी साबणानं धुवा, मग अल्कोहोलनं पुसा. गाडीला चमकवायला मारलेल्या पॉलिशमध्ये सिलिकोन असतं आणि त्यावर रेझिन फाटतं, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पेपर मारल्यावर सिलिकोन पुसलं तर ते आणखी पसरतं, म्हणून पुसणं आधी, घासणं नंतर आणि परत पुसणं. १२० च्या पेपरनं सगळी चमक घालवा, एकही चकचकीत ठिपका राहू देऊ नका. स्टिकर, उठावाची अक्षरं, जुन्या ओरखड्यांचे खळगे हे सगळं पुट्टी भरून सपाट करा. कापड काही झाकत नाही, उलट त्याखालची प्रत्येक खोच उठून दिसते.

अ‍ॅल्युमिनियमच्या भागाबद्दल थोडं. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना थेट टेकले आणि मध्ये पाणी गेलं की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी येते. पावसाळ्यात आपल्याकडं गाडी रोज भिजते. म्हणून मध्ये रेझिनचा अखंड थर हवा आणि बोल्टखाली नायलॉनचा वॉशर.

कापड हाताळणं

हे मला शिकवलं ते वडगावच्या एका जुन्या विणकर मामांनी. त्यांनी कार्बनचं कापड तोवर पाहिलेलं नव्हतं. मी तुकडा पुढं केला, त्यांनी अंगठ्यानं कोपरा तिरका ओढून पाहिला आणि म्हणाले, “ताण्यात ओढलास तर हलत नाही, बाण्यात ओढलास तरी हलत नाही. तिरकं धर, मग कसं येतंय बघ.” खरंच आलं. उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेला कापड ताठ असतं, पण ४५ अंशांत चौकटी कलतात आणि कापड वाटीवरसुद्धा बसतं. आणखी एक वाक्य त्यांनी सांगितलं ते मी दर वेळी मनात म्हणतो: “कापड ओढायचं नसतंय तम्मा, बसवायचं असतंय. ओढलेलं परत येतंय.”

कापड घडी घालून ठेवू नका, नळीवर गुंडाळा. घडीची रेघ जात नाही. कापायच्या रेषेवर आधी मास्किंग टेप लावा आणि टेपच्या मधोमध कात्री चालवा, म्हणजे कड उसवत नाही. पार्टच्या कडेपेक्षा चारी बाजूंनी २-३ सेंटीमीटर जास्त ठेवा.

डाव्या-उजव्या पॅनलची जोडी करत असाल तर ट्विलच्या तिरक्या रेघा आरशातल्यासारख्या हव्यात. त्यासाठी एका बाजूचं कापड उलटं करा. जीन पँट उलटी करून बघा, आतून तिरकी रेघ दुसऱ्या बाजूला झुकलेली दिसते, तोच हिशेब. बहुतेक नवखे हे विसरतात आणि गाडी समोरून पाहिली की काहीतरी खटकत राहतं.

पहिला काळा थर, आणि थांबणं

सगळं काम याच एका टप्प्यावर ठरतं. रेझिन आणि हार्डनर मोजून घ्या, दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत. मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून परत ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेलं रेझिन चिकटलेलं असतं, तेच पार्टवर गेलं तर चिकट डाग राहतो. काळी पेस्ट रेझिनच्या वजनाच्या पाच टक्के पुरते. पार्ट आधीच काळा असला तरी हा थर द्यायचा, कारण विणीच्या फटींतून खालचा रंग डोकावतो, आणि मुख्य म्हणजे कापड धरून ठेवणारा गोंद हाच आहे.

ब्रशनं पातळ, एकसारखा. कुठं साचू देऊ नका. उरलेलं रेझिन कपात ठेवून फिरायला जाऊ नका, घट्ट गोळ्यात ते स्वतःच तापतं, कप वितळतो आणि धूर येतो. उथळ ताटलीत ओतून बाहेर फरशीवर ठेवा.

मग थांबा. डिसेंबरात मला दोन ते तीन तास लागतात, एप्रिलमध्ये तासाभरातच तयार. पण घड्याळावर जाऊ नका, हार्डनर बदलला की वेळ बदलते. हातमोजा घातलेलं बोट टेकवा. बोटाला काळं लागलं तर अजून वेळ आहे. बोट चिकटतंय, उचलताना ओढ जाणवते, पण मोज्यावर डाग नाही, तीच वेळ. लवकर टाकलं तर कापड तरंगतं, सरकतं, आणि काळं रेझिन विणीतून वर येऊन सगळी चमक खातं. उशीर झाला तर कापड धरतच नाही. मी दर दहा मिनिटांनी बोट लावतो, तेही पार्टच्या मागं वळणाऱ्या कडेवर, दिसणाऱ्या जागी नाही.

कापड बसवणं

सगळे सांगतात मधून सुरुवात करा. माझं म्हणणं वेगळं आहे: सगळ्यात खोल खळगा जिथं असेल तिथून सुरुवात करा. उंचवट्यावर कापड आपोआप टेकतं, खळग्यावर मात्र पुलासारखं ताणून राहतं आणि खाली हवा अडकते. आधी खळग्यात बोटांनी हलकेच दाबा, तिथं कापड पुरवा, मग बाहेरच्या बाजूला सरकत जा. सुरकुती आली तर त्या जागी दाबू नका. त्या बाजूची कड उचला, तिरक्या दिशेनं सोडवा, परत टेकवा. चिकट थर तेवढी मुभा देतो, म्हणून तर आपण थांबलो.

कोपऱ्यावर कापड जमलंच नाही तर एक छेद द्या, पण तो छेद पार्ट बसवल्यावर लपेल अशाच जागी. वीण सरळ आहे ना हे वाकून, लांबून, दोन्ही बाजूंनी पाहा. आता चुकलं तर सुधारता येतं, पुढच्या थरानंतर नाही. कडा मागं वळवून टेपनं धरा आणि रात्रभर सोडा.

भिजवणं

दुसऱ्या दिवशी स्वच्छ रेझिन, पेस्टशिवाय. ब्रश ओढायचा नाही, टेकवत जायचं, नाहीतर धागे सरकतात. कोरडं कापड राखाडी दिसतं आणि भिजलं की गडद काळं होतं, त्यामुळं कुठं राहिलं ते लगेच कळतं. बुडबुडे दिसले तर हेअर ड्रायर लांबून पटकन फिरवा, ते फुटतात. एका जागी धरू नका.

हा थर चिकट असतानाच, तीन-चार तासांनी, त्याच बोटाच्या परीक्षेवर दुसरा थर द्या. मग असेच पुढचे. असे चिकट असतानाच दिलेले थर एकमेकांत रासायनिक जुळतात, मध्ये घासायची गरज पडत नाही. रात्र मध्ये गेली तर धुणं आणि घासणं आलंच. मी भिजवण्याच्या थरावर साधारण तीन थर देतो, कारण त्यातलं बरंचसं पुढं घासून जाणार असतं.

घासणं

निदान एक पूर्ण दिवस, थंडीत दोन दिवस थांबा. नंतर पाण्यानं धुऊन १२० किंवा १८० च्या वॉटर पेपरनं, पाणी लावून, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. कोरडं घासू नका. कार्बनची धूळ फुफ्फुसाला वाईट, कातडीला खाजरी, आणि ती वीजवाहक असल्यानं मशिनच्या मोटरमध्ये गेली तर शॉर्ट होऊ शकतं. पाणी लावलं तरी मास्क राहू द्या.

घासताना पाण्याच्या रंगाकडं लक्ष ठेवा. पांढरं, दुधासारखं पाणी म्हणजे रेझिन घासलं जातंय. राखाडी-काळं दिसलं की थांबा, धाग्याला पोहोचलात. तिथली वीण फिकट होते आणि ती परत आणता येत नाही. कडांवर आणि उंचवट्यांवर हे सगळ्यात आधी होतं, कारण तिथं रेझिन पातळ बसतं. खळगे अजून चमकत असतील तर आणखी एक थर देऊन परत घासा. सगळा पार्ट एकसारखा मंद झाला की २४०, ४०० आणि ६०० पर्यंत या.

कडा आणि भोकं

जादा कापड बारीक पात्याच्या करवतीनं कापा आणि कानशीनं साफ करा, पण कानस नेहमी वरून मागच्या बाजूला ढकला. उलट ओढली तर कडेचं कापड उचकतं. बोल्टची भोकं पुढून टेप लावून, मागं लाकडाचा तुकडा धरून ड्रिल करा. एकूण जाडी अर्धा ते एक मिलिमीटर वाढलेली असते. खाचेत बसणारा पॅनल असेल तर ती जागा आधीच मोकळी ठेवायला हवी होती, म्हणून खाचा आणि क्लिपच्या जागी सुरुवातीलाच टेप मारून ठेवा.

वरचा क्लिअर कोट

इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, पुढं खडूसारखं होतं. त्यामुळं अतिनील किरण अडवणारा दोन घटकांचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप, हवाच. हे काम मी स्वतः करत नाही आणि तुम्हीही घरी करू नये असं माझं ठाम मत आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवाऱ्यात ते श्वासावाटे गेलं तर दमा लागू शकतो, आणि कापडी मास्क तिथं काही कामाचा नाही. डेंटिंग-पेंटिंगच्या चांगल्या दुकानात पार्ट ६०० किंवा ८०० नं घासून द्या आणि खाली इपॉक्सी आहे हे आधी सांगा, म्हणजे तो भट्टीत जास्त तापवणार नाही.

एक कागदोपत्री गोष्ट. एक-दोन पॅनलनं काही बिघडत नाही, पण टाकीसकट सगळी गाडी काळी करायचा विचार असेल तर गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो. बेळगावची केए २२ असो की चिकोडीची केए २३, आधी आरटीओत विचारून घ्या. पलीकडं चंदगडची एमएच ०९ वापरणाऱ्यांनाही हेच लागू.

बसवताना

क्लिअर कोट झाल्यावर आठवडाभर पार्ट सावलीत राहू द्या, पेट्रोल लागू देऊ नका. बोल्ट हातानं आवळा, नायलॉनच्या वॉशरवर, कारण जास्त आवळलं तर भोकाभोवती बारीक तडे जातात. मडगार्ड असेल तर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा, पुढचं सस्पेन्शन दाबून धरायला कुणालातरी सांगा आणि टायर व कापडाची कड यांच्यात बोट मोकळं फिरतंय का ते बघा. चोर्ला घाटातून एकदा जाऊन आलात की सगळे बोल्ट परत तपासा.